खासगी शस्त्रधारणेची शासकीय नोंद : निःशस्त्रीकरणाकडून परवान्याकडे
(विशेष संदर्भ : कोल्हापूर व दक्षिण मराठा प्रदेश)

प्रस्तावना :
कोणाच्या घरी बंदूक आहे याची नोंद ठेवणे ही आज जिल्हा प्रशासनाची नित्याची बाब आहे. ही नोंद मूळची सुरक्षेसाठी सुरू झाली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तिच्या मुळाशी राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास होता. प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या नोंदीचा उगम व तिचा बदलत गेलेला अर्थ तपासला आहे.

चाकरीची नोंद :
मराठेशाहीत शिलेदार स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येई. बारगिराला ती सरकारातून मिळत. दप्तरात नोंद होई ती चाकरीची. शस्त्र बाळगण्याच्या अनुमतीची नव्हे. गडकऱ्यांचे शस्त्रही त्यांच्या वतनाशी जोडलेले होते. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या देखरेखीखाली या वतनी जमिनींच्या व्यवस्थेत हस्तक्षेप झाला, तेव्हा १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यानंतर गडांवरील वंशपरंपरागत शिबंदी बरखास्त झाली. शस्त्रधारी चाकर आता संशयित ठरला.

निःशस्त्रीकरणाचा काळ :
३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला. त्याच वर्षीच्या २८ व्या अधिनियमाने शस्त्रांची निर्मिती, विक्री व धारणा सरकारी नियंत्रणाखाली आणली. त्याचे पडसाद मुधोळ संस्थानातील हलगली गावी उमटले. तेथील बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने गाव जाळले व पुढे अनेकांना फाशी दिले. ज्यांचे शस्त्र हेच उपजीविकेचे व प्रतिष्ठेचे साधन होते, त्यांना आपली बाजू मांडण्यासाठी कोणतेही व्यासपीठ नव्हते.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात परवाना पद्धती दृढ केली. त्यातील सवलतींचा लाभ युरोपीयांना मिळाला. सामान्य हिंदी माणसास मात्र परवाना मागणे भाग पडले. शस्त्राची नोंद अशा रीतीने वर्णभेदाचीही नोंद झाली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला, तो या पार्श्वभूमीवर.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन :
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याची सक्ती कायम राहिली. परंतु दोन तरतुदी लक्षणीय आहेत. पहिली, पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र दखल. भुदरगड, आजरा, चंदगड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत पिकात शिरणारी रानडुकरे पाहता तिचे महत्त्व सहज ध्यानात येते. ज्या भुदरगडावरील शिबंदी कधीकाळी बरखास्त झाली, त्याच परिसरातील शेतकरी आता कायद्याच्या आधारे बंदूक मागू शकतो. दुसरी तरतूद म्हणजे, परवाना नाकारताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदविणे व त्याविरुद्ध अपिलाची सोय असणे. जी नोंद पूर्वी केवळ प्रजेस बांधीत असे, ती आता शासनासही बांधू लागली. हलगलीच्या बेडरांना जे मिळाले नव्हते, ते हेच होय.

२०१२ नंतर राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोश निर्माण होऊन प्रत्येक परवानाधारकास स्वतंत्र ओळख क्रमांक देण्यात आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नोंद अधिक अचूक व अधिक केंद्रित झाली.

समारोप :
शस्त्रांवर नियंत्रण हवे, याविषयी दुमत नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवहीतील बंदुकीच्या क्रमांकाबरोबरच आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : शासनाने कोणावर, कोणत्या कारणाने विश्वास ठेवला आणि कोणावर ठेवला नाही? याचे उत्तर जुन्या अर्जांत व नामंजुरीच्या कारणांत दडलेले असते. संगणकीकरणानंतर हे कागद निरुपयोगी समजले जाण्याचा धोका आहे. ते रद्दीत न जाता पुराभिलेखागारात जतन झाले पाहिजेत. परवानाधारकांची यादी प्रशासनास पुरेशी असेल. इतिहासास मात्र ज्यांना परवाना मिळाला नाही, त्यांचीही नोंद हवी.