कारणे द्या (गुण पाच)

इतिहासात कोणतीही गोष्ट पाच कारणांशिवाय घडत नाही. चारांत भागत नाही आणि सहाव्याला गुण नसतात. रोमन साम्राज्य पाच कारणांनी बुडालं, फ्रेंच राज्यक्रांती पाच कारणांनी झाली आणि पानिपतही आपण पाच कारणांनीच हरलो. मी याच हिशेबानं इतिहास शिकलो आणि पुढं अक्कलकुवा तालुक्यातल्या एका शाळेत तो याच हिशेबानं शिकवला.

बी.ए.ला आम्हाला इंग्लंडचा इतिहास होता. त्यात सहावा हेन्री नावाचा एक राजा भेटला. १४२२ साली गादीवर आला तेव्हा नऊ महिन्यांचा होता, आणि आमच्या प्राध्यापकांच्या मते पुढंही त्यात फारशी भर पडली नाही. देवभोळा, भिडस्त, कुणालाच 'नाही' म्हणता न येणारा. १४५३ साली तर तो असा काही सुन्न झाला की वर्षभर माणूस ओळखेना. मग १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्स गावच्या रस्त्यांत त्याचे सरदार एकमेकांवर तुटून पडले आणि पुढं तीसेक वर्षं अधूनमधून पडतच राहिले. या प्रकाराला 'गुलाबांची युद्धं' म्हणतात. नाव वाचून वाटावं की नगरपालिकेचं पुष्पप्रदर्शन असेल! कारण क्रमांक एक : राजा दुबळा.

आता हे सातपुड्यातल्या पोरांना समजावून सांगायचं तर लंडनपर्यंत जायची गरज नव्हती. आपल्याकडं दुसरा बाजीराव होताच. तसा राजा साताऱ्यात होता आणि बाजीराव त्याचा प्रधान. पण राजाच इतका दुबळा की प्रधानाला दुबळं असायलाही भरपूर वाव होता.

झालं ते असं. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून वारले. वय एकवीस, मूलबाळ नाही. गादी कुणाची? यावर वर्षभर असा घोळ झाला की चिमाजीअप्पाला सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक दिला. नात्यानं चुलता लागणारा माणूस पुतण्याचा मुलगा झाला! शेवटी डिसेंबर १७९६ मध्ये चिमाजीअप्पाचा थोरला भाऊ बाजीराव पेशवा झाला. तोही एकवीसचाच. महादजी शिंद्यांच्या जागी आलेला दौलतराव त्याहून लहान. म्हणजे मराठी राज्य विशीतल्या पोरांच्या हाती, आणि देखरेखीला म्हातारे एकटे नाना फडणीस. त्यांनाही दौलतरावानं वर्षभरात कैद केलं. पुढं ते सुटले, पण मार्च १८०० मध्ये वारले.

आता पैशाचं सांगतो, कारण प्रत्येक यादवीत कारण क्रमांक दोन पैसा असतो. बाजीरावानं पेशवाईसाठी दौलतरावाला दोन कोटी रुपये कबूल केले होते. कबूल करायला काय जातं! तिजोरीत तेवढे नव्हते. मग १७९८ साली दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे वसुलीला पुण्यात सुटला आणि त्यानं सावकारांपासून सामान्यांपर्यंत सगळ्यांना मारून-झोडून पैसा काढला. गादीवर बसला एक, बिल फाडलं दुसऱ्यांच्या नावे.

तिकडं तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये गेले आणि त्यांच्या चार मुलांत भाऊबंदकी लागली. दौलतराव एका बाजूनं मध्ये पडला. मल्हारराव होळकर पुण्यात मारला गेला. विठोजीला बाजीरावानं १८०१ साली हत्तीच्या पायी दिलं आणि स्वतः ते पाहिलं. दुबळा माणूस क्रूर नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान पुन्हा वाचावं. उरला यशवंतराव. त्यानं फौज जमवली आणि नर्मदा ओलांडून तो दक्षिणेत उतरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज त्यानं मोडली. तोफा ऐकून बाजीराव निघाला तो सिंहगड, मग कोकण, मग जहाजानं थेट वसई. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यानं इंग्रजांशी तह करून टाकला.

गंमत पुढंच आहे. जिंकलेला यशवंतराव बाजीरावाला निरोप धाडत राहिला, 'परत या, गादीवर बसा.' सेंट ऑल्बन्सला जिंकलेल्या यॉर्कच्या ड्यूकनंही हरलेल्या हेन्रीपुढं गुडघे टेकले होते. मला वाटतं, सगळी मेख इथं आहे. दुबळ्या राजाला कुणी फेकून देत नाही. त्याच्याकडं ताकद नसते, पण शिक्का असतो. राजा ज्याच्या मुठीत, शिक्का त्याचा. म्हणून भांडण राजाशी नसतंच; राजा कुणाच्या मुठीत राहावा, याचं असतं.

हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून मणिबेलीचा एक मुलगा उठला. मणिबेली म्हणजे आमच्या तालुक्याचं नर्मदेकाठचं टोक, पलीकडं गुजरात. तो म्हणाला, "सर, भांडण पुण्याचं. मग मध्ये खानदेश कशाला?"

प्रश्न पाच गुणांचा नव्हता, त्याहून मोठा होता. कशाला म्हणजे, खानदेश वाटेत होता म्हणून! फौजेला पगार नव्हता. मुलूख हाच पगार. पिकं गेली, गावं ओस पडली, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. भिल्ल तोवर गावोगाव जागले होते, राखण करून आपला हक्क घेत होते. गावच उठल्यावर हक्क कुणाकडं मागायचा? ते डोंगरात शिरले आणि लुटीवर जगू लागले. त्यावर सरकारचा उपाय काय? १८०४ साली खानदेशच्या सरसुभेदारानं, बाळाजी लक्ष्मणानं, त्यांना कोपरगावी फसवून बोलावलं, कत्तल केली आणि विहिरींत टाकलं. हडपसरची लढाई पुस्तकात पानभर असते. या विहिरींना ओळही मिळत नाही.

वर्ग गप्प झाला. मी पोरांना हसवण्यात पटाईत, पण तिथं काही सुचेना. त्या मुलाला मात्र फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. लांब कुठंतरी कागदावर शिक्का उठतो आणि त्याचं पाणी आपल्या दारात येतं, हे मणिबेलीला शिकवावं लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते हेच. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली आहे.

विषय बदलावा म्हणून मी पुढचं सांगितलं. यशवंतराव १८११ साली ऐन पस्तिशीत गेला, दौलतराव १८२७ साली. बाजीराव १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि कानपूरजवळ बिठूरला वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर १८५१ पर्यंत आरामात जगला.

मणिबेलीच्या मुलानं वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. "सर, महिन्याला सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट. वर चिल्लर."

"बरोबर."

"राज्य केलं म्हणून?"

"नाही रे. पुन्हा करू नये म्हणून!"