लीद, खाण आणि अळिंबी

पहिला पाऊस पडला की आमच्या गावच्या उकिरड्यावर रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहत. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून आम्ही पोरे त्यांना लाथेने उडवीत असू. तिच्याच गोतातल्या एका छत्रीसाठी पॅरिसच्या माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

सतराव्या शतकात हे माळी खरबुजांसाठी घोड्याच्या लिदीचे ऊबदार वाफे करीत. त्या वाफ्यांवर अळिंबी उगवते, हे त्यांच्या ध्यानात आले. १७०७ साली तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही लागवड पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. लिदीत दिसणाऱ्या पांढऱ्या तंतूंना अळिंबीचाच वास येतो, हेही त्याने टिपले.

पुढे एकोणिसाव्या शतकात ही शेती जमिनीच्या पोटात शिरली. ज्या खाणींतून पॅरिस बांधायला दगड काढला, त्या ओस पडल्या होत्या. आत अंधार, ओल आणि बारमाही गारवा! शहरात घोडे उदंड, त्यामुळे लिदीला तोटा नाही. धंदा भरभराटीला आला.

आणि मग रोग आला. फ्रेंच लोक त्याला ‘मोल’ म्हणत. छत्री उमलायच्या ऐवजी नुसता बेढब गोळा फुगायचा, त्यातून तपकिरी पाणी झिरपायचे आणि दुर्गंधी सुटायची. हा रोग म्हणजे अळिंबीवर जगणारी दुसरी बुरशीच. मातीतून, हातापायांतून ती पसरे. खाण एकदा नासली की बिऱ्हाड उचलून दुसरी गाठायची!

दोष बियाण्याचा असेल, असे वाटणे साहजिकच होते. १८९४ च्या सुमारास कोस्तांतँ आणि मात्रुशो यांनी निर्भेळ बियाणे तयार केले. ते फार मोठे काम झाले. पण चांगले बीसुद्धा वाईट अंथरुणावर टाकले तर काय करील?

ताज्या लिदीत साखर असते, अमोनियाही असतो. साखरेवर हिरवी बुरशी तुटून पडते. अमोनियाने अळिंबीचे तंतू मरतात. रास रचून, पाणी मारून, पुनःपुन्हा उलटली की ती आतून सत्तर अंशांच्या वर तापते. सूक्ष्मजंतू साखर संपवितात. मग वाफेने सुमारे ६० अंशांची ऊब काही तास द्यायची आणि पुढे काही दिवस ५० अंशांच्या आसपास ठेवायचे. अमोनिया निघून जातो. उरते ते अळिंबीला पचणारे आणि परक्या बुरशीला न पचणारे अन्न. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत सिंडेन यांनी ही रीत आटोपशीर केली. रास नीट शिजली तर पीकही वाढते आणि हिरव्या बुरशीला थाराही मिळत नाही. मात्र ‘मोल’ला आवर घालायचा तर वरच्या थराची मातीही स्वच्छ हवी. मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हा गव्हाचे काड, कोंबड्यांचे खत आणि जिप्सम यांनी लिदीची जागा घेतली. नियम बदलला नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी गोठ्यात धिंगरी अळिंबीच्या पिशव्या टांगल्या. कच्चा पेंढा भरला. आठ दिवसांत सगळे हिरवे पडले. “गुरुजी, बीच वाईट निघालं,” तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने पेंढा गरम पाण्यातून काढला. बी त्याच दुकानातले. या वेळी पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या.

त्याची पहिली परडी घरी आली, तेव्हा मी खजील झालो. वर्गात याच पोराला मी एकदा म्हणालो होतो, “तुझ्या बियाण्यातच दम नाही!”