दाताळ्याचे दैव : असाकुसाच्या कोंबड्याच्या बाजाराचा इतिहास

टोकियोच्या असाकुसा भागात दर नोव्हेंबरमध्ये जी जत्रा भरते, तिला ‘तोरी नो इची’, म्हणजे ‘कोंबड्याच्या दिवसाचा बाजार’, असे म्हणतात. चीनमधून जपानात आलेल्या कालगणनेत वर्षांप्रमाणे दिवसांनाही बारा प्राण्यांची नावे क्रमाने दिली जात असल्यामुळे कोंबड्याचा दिवस दर बारा दिवसांनी येतो. म्हणून हा बाजार एका महिन्यात दोनदा आणि पहिला दिवस १ ते ६ तारखेच्या दरम्यान पडला तर तीनदा भरतो. १८७३ साली जपानने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारण्यापूर्वी तो चांद्रवर्षाच्या अकराव्या महिन्यात, म्हणजे सुगी आटोपल्यावर, भरत असे, आणि त्याचे मूळही या सुगीतच आहे.

एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, उत्तरेस असलेल्या हानामाता या खेड्यात ओतोरी नावाचे देवस्थान होते. परिसरातील शेतकरी पीक हाती आल्याबद्दल कृतज्ञता म्हणून तेथे कोंबडे अर्पण करीत आणि उत्सव संपल्यावर ते कोंबडे असाकुसाच्या सेन्सोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात नेऊन सोडले जात. उत्सवाभोवती शेतीच्या अवजारांचा बाजार वाढला, पण त्याबरोबर जुगारही फोफावला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शासनाने जुगारावर बंदी घातल्यावर तेथील गर्दी ओसरली आणि उत्सवाचे केंद्र शहराच्या कडेला असलेल्या असाकुसाकडे सरकले. तेथे शिंतो पंथाचे ओतोरी देवस्थान आणि चोकोकुजी हे बौद्ध मंदिर शेजारी शेजारी आहेत. १८६८ नंतर मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना सक्तीने वेगळ्या केल्या, तरी हा बाजार मात्र आजही दोन्ही ठिकाणी मिळून भरतो.

या स्थलांतराला योशिवाराच्या शेजाराचे मोठे बळ मिळाले. १६५७ च्या भीषण आगीनंतर एदोतील ही परवानाधारक गणिकांची वस्ती असाकुसामागच्या भातखाचरांत हलवण्यात आली होती. एरवी तिचे एकच मोठे दार उघडे असे, परंतु बाजाराच्या दिवशी इतर दारेही उघडली जात आणि देवदर्शनाला निघालेली गर्दी त्या वस्तीतूनही वाहत असे. उतागावा हिरोशिगे याने १८५७ साली काढलेल्या काष्ठमुद्राचित्रात हा दिवस तेथल्याच एका माडीवरून दिसतो : खिडकीत बसलेले पांढरे मांजर बाहेर पाहत आहे, दूर शेतांमधून भाविकांची रांग चालली आहे, आणि खोलीतल्या जमिनीवर दाताळ्याच्या आकाराचे केसांचे काटे पडले आहेत. ज्या स्त्रीसाठी ते काटे आणले, ती चित्रात दिसत नाही. बाजाराच्या भरभराटीत तिच्या बंदिस्त आयुष्याचाही वाटा होता, हे या चित्रासमोर विसरता येत नाही.

ते दाताळे हीच या बाजाराची खूण आहे. पालापाचोळा ओढण्याच्या या बांबूच्या अवजाराला जपानीत ‘कुमादे’, म्हणजे ‘अस्वलाचा पंजा’, म्हणतात. यामातो ताकेरु या पुराणपुरुषाने पूर्वेकडील मोहिमेवरून परतताना देवस्थानापुढच्या पाइन वृक्षाला कुमादे टेकवून ठेवला, अशी कथा सांगितली जाते. परंतु हानामाताच्या बाजारात जी अवजारे विकली जात त्यांतच दाताळेही होते, हे कारण अधिक साधे आणि पटणारे आहे. शेतकऱ्याचे हे अवजार शहरी दुकानदाराच्या हाती आले, तेव्हा पाचोळा गोळा करणारे त्याचे दात गिऱ्हाईक आणि पैसा ओढून आणणारे मानले जाऊ लागले. त्यावर सोन्याच्या नाण्यांच्या प्रतिकृती, सप्तदैवतांचे धनाचे जहाज, क्रौंच, कासव आणि गुबगुबीत गालांच्या हसऱ्या ओकामेचा मुखवटा अशी शुभचिन्हे चढत गेली.

कुमादे विकत घेण्याची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाईक घासाघीस करून किंमत उतरवते, परंतु भाव ठरल्यावर वाचलेले पैसे ‘शूगी’, म्हणजे आनंदाची बक्षिसी, म्हणून विक्रेत्यालाच देणे हे शिष्टसंमत मानले जाते. मग विक्रेते आणि गिऱ्हाईक मिळून तीन, तीन, तीन आणि एक अशा ठेक्यात टाळ्या वाजवतात आणि तो ठेका तीनदा घेतात. नऊ टाळ्यांवर दहावी पडली की ‘नऊ’ या चित्राक्षरावर एक रेघ चढून ‘वर्तुळ’ हे अक्षर होते आणि व्यवहार पूर्ण झाला असे समजायचे, अशी या ठेक्याची फोड सांगतात. ज्या घासाघिशीत अखेर कोणाचेच नुकसान होत नाही, तिचा हेतू पैसा वाचवणे हा असू शकत नाही. येणाऱ्या वर्षाची भरभराट दोघांनी मिळून मागावी, हाच त्या देवघेवीचा अर्थ आहे.

वर्ष सरल्यावर जुना कुमादे देवस्थानात परत केला जातो आणि त्याहून थोडा मोठा नवा घेतला जातो. सुगी दरवर्षी नव्याने पिकवावी लागते, हे हानामाताच्या शेतकऱ्याला ठाऊक होते. भातखाचरे जाऊन तेथे शहर उभे राहिले, तरी दाताळे परत करून पुन्हा मागण्याच्या या रिवाजात ते शेतकरी शहाणपण टिकून आहे.