छत्रांचे उत्पन्न आणि तिवरांची मुळे

तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर उभारलेल्या अन्नछत्रांच्या इतिहासात, ज्यांपैकी ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजींनी 1802 मध्ये बांधले, यात्रेकरूंचे भोजन व पाठशाळा यांचे वर्णन विस्ताराने येते. मुत्तुपेट्टैच्या कांदळवनाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. कोरैयार, पामणियार हे कावेरीचे फाटे जेथे समुद्राला मिळतात, तेथील हे वन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1912 पर्यंत छत्रांच्या खात्याकडे होते आणि वनातील मालाच्या विक्रीचे उत्पन्न छत्रांच्या देखभालीस लागत असे.

या वनात प्राधान्य तिवराचे. त्याची सर्वांत बारीक मुळे, म्हणजे साधारणपणे दोन मिलिमीटरहून कमी जाडीची, सतत मरतात व नव्याने फुटतात. कोरड्या जंगलात अशी मृत मुळे बुरशी व जिवाणू तुलनेने लवकर कुजवतात. कारण मुळांना कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य फोडण्यास बुरशीला प्राणवायू लागतो. भरतीच्या पाण्याने गच्च झालेल्या चिखलात तो जवळजवळ नसतो, म्हणून तेथे गंधकयुक्त क्षारांवर जगणारे जिवाणू हे काम अतिशय संथपणे करतात, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि न कुजलेल्या मुळांचा साठा जमिनीत वाढत जाऊन तिची पातळी टिकवण्यास हातभार लावतो.

पुढे वनखात्याच्या काळात हे वन पट्ट्यापट्ट्याने समूळ तोडले गेले, आणि ही पद्धत 1970 च्या दशकापर्यंत चालली. ही तोड हाच मुत्तुपेट्टैच्या इतिहासातील सर्वांत मोठा आघात मानला पाहिजे. उघड्या पडलेल्या चिखलातील पाणी उन्हाने आटले, जमीन खचून तिला परातीसारखा खोलगट आकार आला, आणि भरतीचे पाणी तेथे साचून राहिल्याने क्षार इतके वाढले की तिवराचे बी रुजेना. यात मुळांचाही विचार करावा लागतो: झाड मेले की नव्या मुळांची भर थांबते, जुनी मात्र हळूहळू कुजतच राहतात; होंडुरासच्या बेटांवर 1998 च्या मिच चक्रीवादळाने कांदळवने मेल्यावर जमीन याच कारणाने खचल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे.

1990 च्या दशकात चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखाते व ग्रामस्थ यांच्यासह या खोलगट भागांत भरती-ओहोटीचे पाणी खेळते ठेवणारे कालवे खोदले आणि त्यांच्या काठांनी तिवराची लागवड केली.