विमाने उभी, वैमानिक घरी : कोरोनात नेमके काय झाले?

कोरोनामुळे २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद झाली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी ती सुरू झाली खरी, पण सुरुवातीला एक तृतीयांश फेऱ्यांपुरतीच. नियमित आंतरराष्ट्रीय सेवेला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला.

वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. विमान उभे राहिले, की तो भाग गेलाच. जुलै २०२० मध्ये एअर इंडियाने पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली, तर इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कर्ज काढून लायसन्स मिळवलेल्या नव्या पोरांना तर कोणी दारातही उभे करेना.

पैशांइतकाच गंभीर प्रश्न सरावाचा होता. प्रवासी घेऊन उडायचे, तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. उड्डाणेच नाहीत, तर ती होणार कुठून? सिम्युलेटरवर ही अट पुरी करता येते. पण तिथेही बंद खोलीत शेजारी-शेजारी बसावे लागते. डीजीसीएने काही मुदती वाढवून दिल्या. त्याने लायसन्स चालू राहिले, हाताची सवय नव्हे. म्हणून कामावर परतणाऱ्यांना पुन्हा सिम्युलेटरवर बसवूनच कॉकपिटमध्ये पाठवावे लागले.