नव्या संसाराची जुनी गल्ली

एका निवृत्त शाळामास्तरानें कोरियांतील दूरदर्शन-मालिकेविषयीं बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. गेल्या पावसाळ्यांत गुडघ्याच्या दुखण्यानें मी घरीं अडकून पडलों असतां सूनबाईंनीं ती मला लावून दिली. कोरियाच्या केबीएस वाहिनीवर २०१९ सालीं सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळांत ती दाखविली गेली. तिच्या नांवाचा मराठींत अर्थ, ‘कॅमेलिया फुलते तेव्हां’.

डोंगबेक ही तिची नायिका. डोंगबेक म्हणजेच कोरियन भाषेंत कॅमेलियाचें फूल. अनाथाश्रमांत वाढलेली ही तरुणी पदरीं मूल घेऊन ओंगसान नांवाच्या समुद्रकांठच्या लहान गांवीं येते आणि खेकड्यांच्या खानावळींच्या गल्लींत एक मद्यगृह उघडते. नवरा नाहीं, मूल आहे आणि धंदा दारूचा. गल्लींतील बायकांना एवढें पुरे होतें. परंतु पुढें त्याच बायका तिच्याभोवतीं भिंतीसारख्या उभ्या राहतात. (कथेंत एका खुन्याचाही धागा आहे. तो नसता तरी माझें कांहीं अडलें नसतें.)

मला जें सांगावयाचें आहे तें या कथेहून निराळें. ओंगसान हें गांव कोरियाच्या नकाशावर नाहीं. पण पडद्यावर दिसते ती गल्ली खरी आहे. ती पूर्व किनाऱ्यावरील पोहांग शहराच्या हद्दींत, गुर्योंगपो या बंदरांत आहे. गुर्योंगपो म्हणजे नऊ ड्रॅगनांचें बंदर. दहा ड्रॅगन आकाशीं निघाले, त्यांतील एक समुद्रांत कोसळला, अशी तेथील आख्यायिका. त्या गल्लींतील घरें मात्र कोरियन पद्धतीचीं नाहींत. दुमजली, लांकडी, सरकत्या दारांचीं तीं घरें जपान्यांनीं बांधलेलीं आहेत.

मीं तीस वर्षें इतिहास शिकविला. ‘जपाननें १९१० सालीं कोरिया आपल्या राज्यास जोडला’ हें वाक्य फळ्यावर लिहावें, मुलांनीं तें वहींत उतरून घ्यावें, आणि आम्हीं पुढच्या धड्याकडे वळावें. त्या एका वाक्यांत घरें, गल्ल्या, मासळीच्या टोपल्या असतील, असें माझ्या मनांत कधींच आलें नाहीं. ती चूक पुस्तकाची नव्हे, माझी होय.

१८७६ च्या तहानें जपाननें कोरियाचीं बंदरें उघडविलीं, आणि १८८३ च्या व्यापारी नियमांनीं जपानी कोळ्यांना कोरियाच्या किनाऱ्यावर मासेमारीची मुभा मिळाली. जपानच्या कागावा, ओकायामा या प्रांतांतील कोळी आपल्या गर्दीच्या अंतर्समुद्रांतून नवीं पाणीं शोधीत निघाले. त्यांतील कांहीं गुर्योंगपोस येऊन स्थिरावले. तींही गरिबीच्या पोटीं घर सोडून निघालेलीं माणसें होतीं. नव्या गांवीं नवा संसार मांडण्याची त्यांची हौस डोंगबेकच्या हौसेहून फार निराळी नसावी. फरक एवढाच कीं त्यांच्या पाठीशीं एक साम्राज्य उभें होतें आणि तिच्या पाठीशीं कोणीच नव्हतें. म्हणून तिला शेजाऱ्यांच्या संमतीवांचून गत्यंतर नव्हतें. त्यांना ती मागण्याची गरजच पडली नाहीं.

बंदर वाढलें, धक्का बांधला गेला, दुकानें आलीं. हाशिमोतो नांवाच्या व्यापाऱ्यानें १९२० च्या दशकांत जपानांतून सामान आणवून आपलें दुमजली घर उठविलें. तें आज संग्रहालय आहे. टेकडीवरील उद्यानाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या बांधल्या गेल्या, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर जपानी वसाहतवाल्यांचीं नांवें कोरलीं गेलीं.

१९४५ सालीं ऑगस्टच्या पंधरा तारखेस जपान शरण गेला. (आपला स्वातंत्र्यदिनही तोच, दोन वर्षांनंतरचा.) जपानी रहिवासी हातांत मावेल तेवढें सामान घेऊन बोटीनें परत गेले. मागें राहिलेल्या घरांना ‘शत्रूची मालमत्ता’ असें नांव पडलें आणि कालांतरानें त्यांत कोरियन कुटुंबें राहूं लागलीं. पायऱ्यांच्या खांबांचें काय करावें, हा प्रश्न होता. गांवकऱ्यांनीं ते उखडून समुद्रांत टाकले नाहींत. नांवांवर सिमेंट लिंपलें, खांब फिरवून उलट बाजू पुढें आणली, आणि टेकडीवर युद्धांत पडलेल्यांचें स्मृतिमंदिर उभें राहिलें तेव्हां त्यासाठीं देणगी देणाऱ्या कोरियन माणसांचीं नांवें त्या बाजूवर कोरलीं. दगड तेच, जागा तीच. मास्तर या नात्यानें मला हें पाटी पुसून लिहिण्यासारखें वाटलें. पण पाटी पुसतां येते, दगड फक्त फिरवितां येतो.

याच गल्लींत १९९१ सालीं एका मालिकेचें चित्रण झालें होतें. तिचा विषय जपानी अमलांतील हालअपेष्टांचा होता, आणि गल्ली तेथें जपान्यांची गल्ली म्हणूनच उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांनीं तीच घरें एका कोरियन बाईच्या संसाराचीं झालीं.

हें सारें मीं सूनबाईंना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग डोंगबेक त्या घरांत राहते, हें चांगलें कीं वाईट?” मला उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं मालिकेंतील एक प्रसंग पुन्हां लावला. नायिका आणि तिच्यावर जीव टाकणारा पोलीस शिपाई त्या पायऱ्यांवर बसलेले आहेत. आज प्रवासी मंडळी तेथेंच तशींच बसून छायाचित्रें काढतात. खालीं कौलारू छपरें आणि त्यापलीकडे बंदर. मीं चित्र थांबवून खांबांवरचीं नांवें वाचण्याचा प्रयत्न केला. अक्षरें फार बारीक होतीं, आणि पाठीमागची बाजू अर्थातच दिसत नव्हती.