शिलालेख आणि घरातल्या गोष्टी

आमच्या मुलांना लिहा म्हटले की ती विचारतात, "सर, आमच्याकडे लिहिण्यासारखे आहे तरी काय?" जुन्नर तालुक्यातल्या मुलाने हा प्रश्न विचारावा, हा इतिहासाचाच विनोद म्हटला पाहिजे. येथे जिकडे पाहावे तिकडे दगडावर अक्षरे आहेत. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीने यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले याचा हिशेब ब्राह्मी लिपीत कोरून ठेवला. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. तेथे यवनांचे दान आहे, धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे आहे. एका लेखात तर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या धंद्यातल्या माणसांवर एके काळी पैशाचा विश्वास टाकला जात होता, तोच धंदा करणारा बुरूड पुढे हीन जातीत मोजला गेला. पण हा कातळ ज्यांनी छिन्नीने पोखरला, त्यांच्या पोटापाण्याबद्दल दगड काही बोलत नाही.

असल्यांचा इतिहास तोंडी राहिला, घरात राहिला. आणि घरातली गोष्ट सरळ नसते, हे लिहिणाराने आधी ध्यानात घ्यावे. माझ्या पणजोबांची गोष्ट आमच्याकडे अभिमानाची म्हणून सांगतात : सरकारी वसुलाची थैली तालुक्याला न्यायची तर बरोबर महार लागे, त्याच्यावाचून पाटलाचे पान हलत नसे. गोष्ट खोटी नाही. पण तिच्या शेजारी १८७४ चा वतन कायदा ठेवून पाहा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा त्यांचा रोख नेमका येथे होता. महाराने अहोरात्र सरकारच्या ताबेदारीत राहायचे. तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाने राबायचे. आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन व गावाच्या मर्जीवरचे बलुते. वतन कायद्याने गेले ते १९५८ साली. विश्वासाची थैली आणि फुकटची पायपीट या दोन घटना नव्हत्या, एकच होती. आमच्या घरच्या गोष्टीत थैली तेवढी उरली, पायपीट गळाली.

हे एका घरापुरते नाही. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडांच्या राहुट्या तेथे पडतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा इथलाच फड आणि विठाबाई (१९३५–२००२) या भाऊंची मुलगी. त्यांची एक गोष्ट सारा महाराष्ट्र सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या. मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. शेवटी प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला, असेही सांगतात. मग सांगणारा मान डोलावून म्हणतो, "काय ती कलेवरची निष्ठा!"

मला या 'निष्ठा' शब्दाची चीड येते. त्या रात्रीची सुपारी किती ठरली होती? बारी अर्ध्यावर सोडली असती तर पैसे हाती पडले असते काय? त्या पैशांवर फडातल्या किती चुली होत्या? बाळ कोणाच्या हाती देऊन ती बाई पुन्हा उजेडात आली? आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या गावचा मुक्काम होता? 'निष्ठा' म्हटले की हे सारे प्रश्न मिटतात, ऐकणाराही सुटतो. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. आता त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. त्या काळच्या ढोलकीवाल्यांपैकी, सोंगाड्यांपैकी जे कोणी हयात असतील त्यांच्याकडून वरच्या प्रश्नांची उत्तरे लिहून घेणे, हे पुरस्काराइतकेच निकडीचे काम आहे. नारायणगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते अंगावर घ्यावे.

आता आक्षेप. दया पवार जुन्नरच्या उत्तरेच्या डोंगरांपलीकडचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा आपल्यांपैकीच काहींनी म्हटले की यांनी आपली लाज चव्हाट्यावर मांडली. माझी आजी तेच म्हणते : "कशाला उकरतोस रे बाबा? लोकं हसतील." हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. भूक त्यांनी भोगली, नाव माझे छापले जाणार. म्हणून लिहिलेले मी आधी तिला वाचून दाखवतो. तिच्या सासूच्या काळातली, पडलेल्या जनावराच्या मांसाची हकिकत गाळ, असे तिने बजावले. मी म्हटले, "बरं, गाळतो. पण वाटे कसे पडायचे, तेवढं सांग." त्यावर ती तासभर बोलत राहिली : कोणत्या घराला किती, आजाऱ्याच्या घरी काय, चान्या वाळत घालायच्या कुठे आणि कावळे हाकायला कोणाला बसवायचे. मध्येच मला म्हणाली, "तू लिहिलंयस ते चुकीचं आहे. विधवेचा वाटा पहिला निघायचा."